शनिवारची पंगत : बेने इस्राएल कुटुंबातील सहभोजन आणि मराठी भाषा

महाराष्ट्राबाहेरील मराठीचा विचार करताना आपल्या डोळ्यांसमोर बहुधा तंजावर, बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर ही संस्थानी केंद्रे येतात. सत्तेबरोबर जी मराठी बाहेर गेली तिच्या मागे दप्तरे, बखरी, ग्रंथालये राहिली आणि अभ्यासकांना तिचा माग काढता आला. परंतु काही मराठी समाज असे आहेत की ज्यांची भाषा दप्तरात फारशी सापडत नाही. ती घरात, आणि घरातही प्रामुख्याने स्वयंपाकघरात आणि पंगतीत नांदली. कोकणातील बेने इस्राएल हा ज्यू समाज अशांपैकी एक होय. ह्या समाजातील विस्तारित कुटुंबे दर शनिवारी, सणावारी आणि नवस फेडण्याच्या निमित्ताने एकत्र जेवत आली. ही नित्याची पंगत कशी चाले, तिच्यातून काय जपले गेले आणि कुटुंब स्थलांतरित झाल्यावर तिचे काय झाले, हे समजावून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

समाजाची पार्श्वभूमी थोडक्यात सांगितली पाहिजे. अलिबागजवळील नौगावच्या किनाऱ्यापाशी एक गलबत फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांच्यापासून समाज वाढला, अशी बेने इस्राएलांची परंपरागत आख्यायिका आहे. ह्या घटनेचा काळ निश्चित करण्याचे अनेक प्रयत्न झाले. त्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. एवढे खरे, की ही मंडळी आजच्या रायगड जिल्ह्यातील गावोगाव विखुरली, तेल गाळण्याचा धंदा करू लागली आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत असल्यामुळे ‘शनिवार तेली’ ह्या नावाने ओळखली जाऊ लागली. पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहिमकर, अष्टमकर, वाक्रुळकर, झिराडकर ही त्यांची आडनावे कोकणातील इतर कोणत्याही आडनावांसारखी गावावरून पडलेली आहेत. हिब्रू ग्रंथ, धर्मगुरू, धर्मपीठ ह्यांपैकी काहीही शतकानुशतके त्यांच्यापाशी नव्हते. शब्बाथ, सुंता, आहारविषयक काही नियम आणि ‘शेमा’ ही प्रार्थना एवढाच धार्मिक ऐवज उरला होता, असे समाजाचे इतिहासकार सांगतात.

हा ऐवज टिकला कोठे, असा प्रश्न सहसा विचारला जात नाही. टिकला, एवढे नोंदवून इतिहास पुढे जातो. माझ्या मते ह्या प्रश्नाचे उत्तर पंगतीत आहे. सुंता हा आयुष्यात एकदाच होणारा विधी. शेमा ही काही ओळींची प्रार्थना. दर आठवड्याला, सगळ्या कुटुंबाला, लहानथोरांना एकत्र बसवून आपण कोण आहोत ह्याची आठवण करून देणारी एकच गोष्ट होती. ती म्हणजे शनिवार आणि त्या दिवशीचे जेवण.

शनिवारची तयारी शुक्रवारी सुरू होते. ज्यू दिवस सूर्यास्तापासून मोजला जातो. त्यामुळे शुक्रवारी दिवस मावळण्याच्या आत स्वयंपाक उरकलेला, पाणी भरलेले आणि चूल शांत झालेली असली पाहिजे. शब्बाथ लागल्यावर अग्नी पेटवायचा नाही, हा नियम. घरातील स्त्री वाती लावते, आणि त्यासाठी काचेच्या पात्रात पाणी व तेल घालून टांगलेला दिवा वापरण्याची जुनी रीत आहे. दिवा लागला की आठवड्याचे काम संपले. मग किद्दूश, म्हणजे दिवसाच्या पावित्र्याची प्रार्थना. ती द्राक्षारसाच्या पेल्यावर म्हणावयाची असते. पण कोकणातल्या गावी द्राक्षारस कोठून आणावा? बेने इस्राएल घरांत त्यासाठी काळ्या मनुका पाण्यात भिजवून, कुस्करून, गाळून सरबत करतात. घरातील वडील माणूस प्रार्थना म्हणून त्याचा घोट घेतो आणि पेला वयाच्या क्रमाने सगळ्यांकडे जातो. त्यानंतर भाकरीवरील आशीर्वचन. पाश्चात्त्य ज्यू घरांत जेथे वेणीचा पाव असतो तेथे ह्या घरांत बहुधा गव्हाची पोळी असते. ती मिठात बुडवून तिचा तुकडा प्रत्येकाच्या हातावर ठेवला जातो. प्रार्थनेनंतर एकमेकांचे हात हातांत घेऊन, मग आपली बोटे ओठांना लावण्याचीही ह्या समाजात प्रथा आहे. लहान मुले ह्या निमित्ताने घरातील एकूण एक माणसापाशी जातात.

शनिवारचे दुपारचे जेवण हे आदल्या दिवशी शिजवलेल्या अन्नाचे जेवण असते. कोकणातील उष्ण-दमट हवेत चूल न पेटवता दुसऱ्या दुपारपर्यंत अन्न टिकवणे ही साधी गोष्ट नव्हे. नारळाचे दूध घातलेला पदार्थ लवकर उतरतो, आंबट घातलेला टिकतो, हे कोकणातल्या कोणत्याही गृहिणीला ठाऊक असते. शब्बाथचा कायदा ह्या स्त्रियांनी पोथीतून शिकलेला नव्हता. तो त्यांनी कोणता पदार्थ शुक्रवारी करावा आणि कोणता करू नये ह्या स्वयंपाकाच्या ज्ञानात रूपांतरित करून ठेवला होता. धर्मशास्त्राचे पाककृतीत असे रूपांतर झाले म्हणजे ते विसरणे अवघड होते. मुलगी ते आईकडून शिकते, सून सासूकडून शिकते. आणि कारण कोणी विचारले नाही तरी कृती चालू राहते.

दुपारच्या ह्या जेवणाला कोण येत असे? एकत्र कुटुंबपद्धती असल्यामुळे आजोबा-आजी, काका-काकू, चुलतभावंडे तर असतच. शिवाय जवळच्या गावी दिलेल्या लेकी, आत्या, मावश्या, विधवा नातेवाईक ह्यांचेही येणेजाणे असे. शनिवारी काम नाही, बाजार नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे व्यवहार चालू आणि आपले बंद, अशा दिवशी नातेवाइकांखेरीज दुसरी सोबत कोणती? अल्पसंख्य समाजाच्या साप्ताहिक सुट्टीचा हा एक परिणाम समजून घेतला पाहिजे. गाव त्याच्या उद्योगात असते तेव्हा हे कुटुंब एकमेकांच्या सहवासात असते. त्या मोकळ्या दुपारी लग्ने जुळत, भांडणे मिटत (कधी सुरूही होत), आणि नात्यांची उजळणी होई. कोणाची आजी कोणत्या गावची, कोणाचे कोणाशी सोयरसंबंध, हे ज्ञान ह्या दुपारच्या बोलण्यातून पुढे जाई. पुढे १९६०च्या दशकात हेच ज्ञान किती मोलाचे ठरणार होते ह्याची तेव्हा कोणास कल्पना नव्हती. त्याचा उल्लेख ओघाने येईल.

आहाराचे नियमही असेच घरगुती रूपात टिकले. मांस आणि दूध एकत्र खावयाचे नाही, म्हणून मटणाचा रस्सा नारळाच्या दुधात होतो आणि मांसाच्या जेवणानंतरचे गोडही नारळाच्या दुधातच. कोकणात नारळ मुबलक असल्यामुळे ज्यू धर्मशास्त्रातील एक कडक निषेध येथे जवळजवळ न जाणवता पाळला गेला. मासे खावयाचे ते खवले आणि पर असलेलेच. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या वर्ज्य. ह्या संदर्भात समाजात सांगितली जाणारी दावीद रहाबीची कथा अर्थपूर्ण आहे. हा ज्यू प्रवासी कोकणात आला (त्याचा काळ काही जण फार मागे नेतात, तर काही अभ्यासक त्याला अठराव्या शतकातील कोचीनच्या रहाबी घराण्यातील मानतात). शनिवार पाळणारे हे लोक खरोखर ज्यू आहेत की काय हे पाहण्यासाठी त्याने त्यांच्या स्त्रियांपुढे निरनिराळे मासे ठेवले. स्त्रियांनी खवले-पर असलेले मासे तेवढे निवडले आणि रहाबीची खात्री पटली. कथा ऐतिहासिक असो वा नसो, ओळख पटवणारी परीक्षा स्वयंपाकघरात घेतली गेली आणि ती स्त्रियांनी दिली, असे समाजाने स्वतःविषयी सांगावे हे महत्त्वाचे आहे. रहाबीने पुढे झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर ह्या तीन घराण्यांतील पुरुषांना धर्मकृत्ये शिकवली व ते ‘काजी’ म्हणून ओळखले गेले, असेही कथा सांगते. परीक्षा स्त्रियांची आणि अधिकार पुरुषांना, हा भाग आपण नोंदवून पुढे जाऊ.

भाषेच्या दृष्टीने ह्या विषयाचा सर्वांत समृद्ध भाग म्हणजे सणांची जुनी मराठी नावे. हाइम सॅम्युअल केहिमकर ह्यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेल्या आणि १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेल्या समाजाच्या इंग्रजी इतिहासात ही नावे नोंदलेली आहेत. त्यांपैकी काहींचा विचार करू. ज्यू वर्षारंभाच्या सणाला ‘नव्याचा सण’ म्हणत. त्याच महिन्यातील आणखी एक सण ‘खिरीचा सण’. नव्या धान्याची, नारळाचे दूध घातलेली खीर ह्या दिवशी होई. प्रायश्चित्ताच्या कडक उपवासाच्या दिवसाला ‘दारफाळणीचा सण’ असे नाव होते, म्हणजे दारे लावून घरात राहण्याचा दिवस. त्या दिवशी पांढरी वस्त्रे नेसून लोक घरातच प्रार्थनेत राहत. मृतांचे आत्मे त्या दिवशी घरी येतात व दुसऱ्या दिवशी परत जातात असा समज होता, आणि तो दुसरा दिवस म्हणजे ‘शिळा सण’. वल्हांडणाच्या सणाला ‘अनशी ढाकाचा सण’ म्हणत. अनस म्हणजे आंबवून तयार केलेल्या आंबट द्रवाचे भांडे. वल्हांडणाच्या आठ दिवसांत आंबलेले काही चालत नाही, म्हणून ते भांडे झाकून ठेवावयाचे. त्या झाकण्यावरून सणाचे नाव. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाची स्मृती म्हणून पाळल्या जाणाऱ्या शोकदिनाचे नाव तर ‘बिरड्याचा सण’.

ह्या नावांमध्ये ना मिसर आहे, ना जेरुसलेम, ना मोशे. खीर आहे, बिरडे आहे, अनसाचे भांडे आहे, घराचे दार आहे. सणामागील ऐतिहासिक कारण पार विसरले गेले होते. पण त्या दिवशी कुटुंबाने काय करावयाचे आणि काय खावयाचे हे विसरले गेले नव्हते, आणि सणाची तिथीही चुकली नव्हती. धर्मग्रंथ हरवलेल्या समाजाने आपले पंचांग स्वयंपाकघराच्या भाषेत लिहून ठेवले होते असे म्हणता येईल. बिरड्याचेच उदाहरण घ्यावे. वाल आदल्या दिवसांपासून भिजत घालावे लागतात, त्यांना मोड आणावे लागतात, आणि मग एकेक दाणा सोलावा लागतो. बिरडे सोलणे हे एकट्या बाईचे काम नव्हे. घरातील मुले, म्हाताऱ्या, शेजारच्या जावा अशा सगळ्यांनी मिळून ते बसून करावयाचे असते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या मंदिराचे दुःख ज्यांना माहीत नव्हते त्या घरांत त्या दिवसाच्या आधी सगळी माणसे एकत्र बसून वाल सोलीत होती. शोकाच्या दिवसांत मांस वर्ज्य, आणि कोकणात मांसाच्या जागी कडधान्य येते, हे कारण त्यामागे असावे.

एकोणिसाव्या शतकात ह्या नावांचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. कोचीनहून आलेले शिक्षक, बगदादी ज्यू, तसेच ख्रिस्ती मिशनरी ह्यांच्यामुळे बेने इस्राएलांना हिब्रू ग्रंथांचा परिचय झाला. १७९६ मध्ये मुंबईत सॅम्युअल इझिकिएल दिवेकर ह्यांनी समाजाचे पहिले सिनेगॉग बांधले होते. लोक त्याला ‘मशीद’ म्हणत. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन ह्यांनी मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले. सणांची शास्त्रशुद्ध नावे, कारणे आणि विधी माहीत झाले, आणि जुनी नावे अज्ञानाची खूण वाटू लागली. ‘बिरड्याचा सण’ म्हणणे गावंढळ ठरले. सुधारणेच्या प्रत्येक चळवळीत असे होते. त्यात कोणाला दोष देण्याचे कारण नाही. मात्र जी भाषा स्मृतीचा एकमेव आधार होती तीच स्मृती परत मिळाल्यावर प्रथम टाकून दिली गेली, ह्याची खंत भाषेच्या अभ्यासकाने करावयास हरकत नाही. माझ्या परिचयातील एका घरी पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजींना बिरड्याविषयी विचारले असता त्यांनी सणाचे मराठी नाव घेतले. सुनेने लगेच हिब्रू नाव सांगून त्यांना दुरुस्त केले. आजी गप्प बसल्या. बिरडे कसे सोलावे हे मात्र पुढे त्यांनीच सांगितले.

ह्या सुधारणेने मराठीला सर्वच बाजूंनी मागे सारले असे मात्र समजू नये. उलट पंगतीतील मराठीला ह्याच काळात छापील रूप आले. त्याचे उत्तम उदाहरण म्हणजे १८७४ मध्ये पुण्यात छापलेली हग्गादा. वल्हांडणाच्या पहिल्या रात्री कुटुंब जेवणासाठी एकत्र बसते तेव्हा मिसर देशातील गुलामगिरीतून सुटकेची कथा ह्या पुस्तकातून वाचली जाते. घरातील लहान मुलाने प्रश्न विचारावयाचे आणि मोठ्यांनी उत्तर द्यावयाचे, अशी तिची रचना असते. म्हणजे हा ग्रंथ मुळातच जेवणाच्या पंगतीसाठी रचलेला आहे. पुण्याच्या आवृत्तीत हिब्रूसोबत मराठी भाषांतर आहे. शिवाय तिच्यातील चित्रांत नऊवारी नेसलेल्या स्त्रिया जमिनीवर बसून सणाची बेखमीर भाकर करताना दाखवल्या आहेत. ‘बेखमीर’ हा शब्द मराठी बायबलच्या परंपरेतला. अनशी ढाकाचा सण म्हणणाऱ्या आजीच्या हाती तिच्या नातवाने बेखमीर भाकरीचे पुस्तक दिले, इतके अंतर एका पिढीत पडले. आणि तरीही चित्रातील बाई पोळपाटाशीच बसलेली आहे. पुढे १८८०च्या सुमारास समाजात कीर्तनेही होऊ लागली. अब्राहाम, मोशे, योसेफ ह्यांच्या कथा मराठी कीर्तनाच्या थाटात सांगितल्या गेल्या. सणाच्या रात्री जेवण आणि कीर्तन ही जोडी किती रंगत असेल ह्याची कल्पना वारकरी घरांत वाढलेल्या वाचकाला सहज येईल.

विस्तारित कुटुंबाच्या पंगतीचे दुसरे मोठे निमित्त म्हणजे मलिदा. हा शब्द मूळ फारशी. दर्ग्याच्या उरुसात वाटला जाणारा चपातीचा चुरमा म्हणजे मलिदा. आणि आजच्या मराठी वृत्तपत्रांत तो गैरमार्गाने लाटलेल्या पैशासाठी इतका रुळला आहे की त्याचा पवित्र अर्थ आठवतही नाही. बेने इस्राएलांचा मलिदा पोह्यांचा असतो. पोहे भिजवून त्यांत खवलेला नारळ, साखर, वेलची, मनुका, सुकामेवा मिसळतात; मोठ्या ताटात त्याची रास करून भोवती निरनिराळी फळे आणि वर गुलाबाची फुले ठेवतात. एलियाहू हन्नाबी, म्हणजे प्रेषित एलिया, ह्याच्या नावाने हा विधी होतो. नवस फेडणे, लग्न, सुंता, नवे घर, दूरचा प्रवास, आजारातून उठणे अशा कोणत्याही निमित्ताने कुटुंबे मलिदा करतात. एलियाहूचे गीत म्हटले जाते. झाडाच्या फळावर, जमिनीतून येणाऱ्या फळावर, सुगंधावर अशी वेगवेगळी आशीर्वचने म्हटली जातात. मग प्रत्येकाला बशीतून वाटा मिळतो. अलिबागजवळील खंडाळा येथे एलियाहू स्वर्गात जाताना त्याच्या रथाची व घोड्याची खूण उमटली असे श्रद्धाळू मानतात. झाडांच्या नववर्षाच्या सणाच्या सुमारास तेथे कुटुंबेच्या कुटुंबे जातात व मलिदा करतात. इतर देशांतील ज्यू समाजांत ह्या रूपातला विधी आढळत नाही. तो येथल्या मातीतला आहे, येथील नवसाच्या आणि प्रसादाच्या कल्पनांशी त्याचे नाते उघड आहे, आणि तरीही प्रत्येक घासावर म्हटले जाणारे शब्द हिब्रू आहेत.

येथवरच्या विवेचनावरून ही पंगत म्हणजे केवळ जिव्हाळ्याचे स्थान होते असा समज होऊ नये. ती वगळणारीही होती. समाजात ‘गोरे इस्राएल’ आणि ‘काळे इस्राएल’ असा भेद होता. ज्यांच्या मातृकुळात ज्यू नसलेली स्त्री आली असे मानले जाई त्यांना काळे म्हणत. त्यांच्याशी सोयरीक होत नसे, आणि जुन्या काळी त्यांच्या पंगतीला बसणे, त्यांची भांडी वापरणेही टाळले जाई. समाजशास्त्रज्ञ शिफ्रा स्ट्रिझॉवर ह्यांच्या १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबईच्या बेने इस्राएलांवरील पुस्तकात ह्या भेदाची चर्चा आहे. विसाव्या शतकात तो क्षीण होत गेला. जातिव्यवस्थेच्या शेजारात राहणाऱ्या समाजाने पंगतीचा शिष्टाचारच नव्हे तर पंक्तिभेदही उचलला, ह्यात आश्चर्य नाही. परंतु स्मृती जपणाऱ्या संस्थेचे गुणगान करताना तिच्या उंबऱ्याबाहेर कोण उभे होते हे सांगणे अभ्यासकाचे कर्तव्य आहे. आणखी एक. वाल सोलणारे, मनुका कुस्करणारे, शुक्रवारी सूर्यास्ताशी शर्यत लावणारे हात स्त्रियांचे होते. पुरुषांच्या विश्रांतीचा दिवस त्यांच्या आदल्या दिवसाच्या कष्टांवर उभा होता.

ब्रिटिश राजवटीत समाज गावांतून मुंबईत आला. सैन्य, रेल्वे, टपाल, सरकारी कचेऱ्या ह्यांत नोकऱ्या करू लागला. तेथून तो पुणे, अहमदाबाद, दिल्ली, कराचीपर्यंत पसरला. कराचीचे सिनेगॉग १८९३ चे, अहमदाबादचे मागेन अब्राहाम १९३४ चे, दिल्लीतील जुदाह हायम १९५६ चे. नोकरीने एक मूलभूत बदल घडवला. घाणा शनिवारी बंद ठेवणे तेल्याच्या हाती होते. कचेरी बंद ठेवणे कारकुनाच्या हाती नव्हते. शनिवार हा कामाचा दिवस झाला आणि सगळ्या कुटुंबाची पंगत हळूहळू शुक्रवारच्या रात्रीवर किंवा रविवारच्या दुपारवर सरकली. शहरातील दोन खोल्यांत सगळे चुलते मावेनात. त्यामुळे आज ह्यांच्याकडे, पुढच्या वेळी त्यांच्याकडे अशी पाळी पडली. घरातील बोलणे मात्र मराठीच राहिले. अहमदाबादेत गुजराती आणि दिल्लीत हिंदी ही रस्त्याची भाषा झाली तरी पंगतीची भाषा बराच काळ बदलली नाही. प्रांताबाहेरच्या मराठीचा अभ्यास करणाऱ्यांनी ह्या घरांकडे अधिक लक्ष दिले असते तर बरे झाले असते.

१९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र स्थापन झाले. त्या सुमारास भारतात सुमारे वीस हजार बेने इस्राएल होते. पुढील दशकांत त्यांतील बहुसंख्य तिकडे गेले आणि डिमोना, बीरशेबा, अश्दोद, रामला, लोद अशा गावांत वसले. सुरुवातीचा काळ सुखाचा नव्हता. रंगावरून भेदभाव होतो अशी तक्रार करून काही कुटुंबे १९५२ मध्ये भारतात परतली. नंतर १९६०च्या दशकाच्या आरंभी तेथील प्रमुख धर्मपीठाने बेने इस्राएलांच्या विवाहनोंदणीच्या वेळी मातृकुळाची चौकशी करण्याचा आदेश काढला. कोणाची आजी कोण, पणजी कोण, हे सिद्ध करण्याची पाळी आली. शनिवारच्या दुपारी कोकणातल्या पडवीत जे सहज बोलले जात होते त्याचा आता पुरावा मागितला जात होता, आणि तो कोणत्याही दप्तरात नव्हता. समाजाने निदर्शने केली, संप केले. १९६४ मध्ये तेथील सरकार व संसदेने बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू असल्याचे स्पष्ट केले आणि वाद निवळला.

इस्राएलमधील पंगतीची गोष्ट मुंबईच्या नेमकी उलट आहे. तेथे सगळ्या देशाची सुट्टी शनिवारी असते. जी दुपार कचेरीच्या वेळापत्रकाने हिरावली होती ती कोणाशीही न भांडता परत मिळाली. मुले, नातवंडे, सुना, जावई शुक्रवारी रात्री किंवा शनिवारी दुपारी आजीच्या घरी जमतात. सुना-जावयांत मोरोक्कोच्या, इराकच्या, पोलंडच्या घरांतील असतात. भातावर नारळाच्या दुधातला रस्सा वाढला जातो. परंतु शाळा, सैन्य, नोकरी ह्या सगळ्यांची भाषा हिब्रू. पहिली पिढी मराठीत बोलते, दुसरी समजते आणि हिब्रूत उत्तर देते, तिसरीला पदार्थांची आणि नात्यांची नावे तेवढी येतात. मुंबईत भाषा राहिली आणि वार गेला. इस्राएलमध्ये वार परत आला आणि भाषा जात आहे. कोकणात ही दोन्ही एकाच ताटात होती, हे आता उलगडून सांगावे लागते.

तेथे मराठी अगदी संपली असेही नाही. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक तेथून निघत आले आहे. मलिदा तर तेथील भारतीय ज्यूंची ठळक ओळख झाला आहे. भारतात मात्र २०११ च्या जनगणनेनुसार सर्व ज्यू मिळून साडेचार हजारांच्या आसपास होते. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्याकाचा दर्जा दिला.

ह्या कौटुंबिक जीवनाचे साहित्यिक चित्रण कोठे झाले, हा प्रश्न साहित्याच्या विद्यार्थ्यांना पडेल. मीरा महादेवन ह्यांची १९६१ मधील ‘अपना घर’ ही कादंबरी इस्राएलला जावे की राहावे ह्या प्रश्नाने विभागलेल्या बेने इस्राएल कुटुंबाची आहे. ती हिंदीत लिहिली गेली आणि पुढे ‘शुलामिथ’ ह्या नावाने इंग्रजीत आली. अहमदाबादच्या एस्थर डेव्हिड ह्यांनी इंग्रजीत लिहिले. त्यांच्या ‘बुक ऑफ रेचल’ ह्या २००६ च्या कादंबरीत कोकणातील गावी मागे राहिलेली एक वृद्धा आहे, प्रकरणांच्या आरंभी पाककृती आहेत, आणि त्या पुस्तकाला २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पाककृतींना प्रकरणाच्या आरंभी स्थान देणे ही केवळ रचनेची हौस नाही. ज्या समाजाच्या सणांची नावेच पदार्थांवरून पडली त्याचा इतिहास सांगण्याचा तो स्वाभाविक मार्ग आहे. मराठीत बोलल्या गेलेल्या ह्या घरांची कथा हिंदीत आणि इंग्रजीत सांगितली गेली, मराठी कादंबरीने मात्र ती फारशी उचलली नाही. त्याचे एक कारण आपल्या साहित्यातील ‘मराठी कुटुंब’ ह्या कल्पनेच्या संकुचितपणात शोधता येईल.

संशोधनाच्या दृष्टीने काम तातडीचे आहे. वर्षारंभाच्या सणासाठी ह्या घरांत ‘चिकाचा हलवा’ होतो. गहू भिजवून, वाटून, गाळून त्याचा चीक काढतात आणि नारळाच्या दुधात तो तासन्‌तास ढवळीत राहतात; हात दुखू लागले की दुसऱ्याने डाव घ्यावयाचा. ह्या ढवळण्याच्या वेळी वापरले जाणारे शब्द, चीक ‘बसला’, हलवा ‘सुटला’ ह्यांसारख्या अवस्थांची नावे, त्या वेळी सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी, हे सारे ध्वनिमुद्रित करावयाचे तर कृती सांगून घेऊन भागणार नाही. हलवा होत असताना, चार माणसे भोवती असताना, तेथे बसावे लागेल. ते शब्द ज्यांना येतात त्या स्त्रिया आज ठाणे, अलिबाग, अहमदाबाद, दिल्ली येथे आहेत आणि डिमोना, रामला येथेही आहेत. त्यांतील बहुतेकांनी सत्तरी ओलांडली आहे.